घरची मंडळी



व्याख्यानमालेच्या चिटणीसांनी मला विषय विचारला, तेव्हा ‘ख्रिस्ती श्रद्धा आणि आपलेपणाचे सुख’ असे सांगून मी मोकळा झालो. ते क्षणभर माझ्याकडे पाहतच राहिले. त्यांचे चुकले असे मी म्हणणार नाही. मी जन्माने आणि आचाराने हिंदू. सारा जन्म शाळेत मराठी शिकवण्यात गेला. प्रार्थनामंदिरात पाऊल टाकले ते कुणाच्या लग्नाला, नाहीतर कुणाला शेवटचा निरोप द्यायला. अशा माणसाने ख्रिस्ती माणसाच्या सुखाविषयी बोलावे, हा अधिकाराचा प्रश्न आहे खरा. पण ज्याने दाराबाहेर उभे राहून आतल्या घराकडे पुष्कळ दिवस पाहिले आहे, त्यालाही त्या घराविषयी चार शब्द बोलता येतात. आज माझी भूमिका तेवढीच आहे.

प्रारंभ मी एका शब्दापासून करतो. ख्रिस्ती लोक ज्याला इंग्रजीत ‘चर्च’ म्हणतात, त्याला मराठी ख्रिस्ती माणसाचा जुना शब्द आहे ‘मंडळी’. इमारत ती देऊळ किंवा मंदिर. आणि त्यात जमणारी, एकमेकांशी बांधलेली माणसे ती मंडळी. मराठी बायबलात हाच शब्द आहे. हा शब्द ज्याने प्रथम योजला त्याने किती विचार केला असेल, कुणास ठाऊक. पण मराठी कानाला तो शब्द केवढा तरी सांगून जातो. ‘घरची मंडळी काय म्हणतात?’ असे आपण विचारतो. पूर्वीचे पुरुष बायकोचे नाव घ्यायचे नसे म्हणून ‘आमची मंडळी’ म्हणत. म्हणजे एकाच शब्दात कुटुंब आले, बायको आली आणि उपासनेला जमलेला समाजही आला. ज्याची घरची मंडळी एकीकडे आणि ख्रिस्ताची मंडळी दुसरीकडे, त्याचे काय होते, हा माझ्या आजच्या विषयाचा गाभा आहे.

आपण नाशिककर. आपल्याला हा विषय लांबचा नाही. शरणपूर ही आपल्या गावाचीच वस्ती. चर्च मिशनरी सोसायटीने ती १८५० च्या दशकात वसवली. नावातच ‘शरण’ आहे. आज आपण तिला शरणपूर रोड म्हणून ओळखतो, त्या रस्त्यावर दुकाने पाहतो आणि पुढे जातो. मी लहान असताना मात्र आमच्या जुन्या नाशिकातल्या वाड्यात ‘शरणपूर’ हा शब्द किंचित खालच्या आवाजात उच्चारला जाई.

तिथले एक मास्तर मला इंग्रजी व्याकरण शिकवायला येत. त्यांचे नाव मी सांगत नाही. त्यांना ते आवडले नसते. धोतर, काळा कोट, हातात छत्री, आणि बोलणे असे की ज्ञानेश्वरीवरचे प्रवचन ऐकावे. ते ओटीवर बसत, मी समोर. त्यांच्यासाठी एक कपबशी ओटीवरच्या कोनाड्यात वेगळी ठेवलेली असे. चहा आतून यायचा, तो वरून त्या कपात ओतला जायचा. मास्तर गेले की ती कपबशी विसळायचे काम माझ्याकडे. आणि तीही परत आत न नेता कोनाड्यातच पालथी घालायची. मास्तरांना हे दिसत नव्हते असे मुळीच नाही. एकदा मी घाईत त्यांच्यासमोरच ती विसळायला घेतली, तर ते म्हणाले, “अरे, कान जपून धर. आधीच एक टवका उडालाय.” एवढेच. मी तेव्हा बारा वर्षांचा असेन. लाज वाटली असे म्हणालो तर ते खोटे होईल. लाज पुढे पुष्कळ वर्षांनी वाटली.

शरणपूरची आणखी एक गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही, कारण ती आपल्या गावाची असून आपल्यालाच फारशी माहीत नसते. गुलामांच्या व्यापारात पकडलेली आफ्रिकेतली मुले इंग्रजांच्या आरमाराने समुद्रात सोडवली, त्यांपैकी काही इथे शरणपूरच्या आश्रमात आणून ठेवली. आईबाप कुठे, गाव कुठे, काही ठाऊक नसलेली ही पोरे इथे गोदेच्या काठी अक्षर शिकली, सुतारकाम-लोहारकाम शिकली. डॉक्टर लिव्हिंग्स्टन १८६६ साली आफ्रिकेच्या शेवटच्या प्रवासाला निघाला तेव्हा ह्या नाशिकच्या मुलांपैकी काही त्याच्याबरोबर होती. आणखी काही त्याला मागाहून जाऊन मिळाली. १८७३ मध्ये तो आफ्रिकेच्या अंतर्भागात वारला, तेव्हा त्याच्या दफनविधीची प्रार्थना वाचणारा जेकब वेनराइट आपल्या शरणपुरात शिकलेला होता. पुढे तो लिव्हिंग्स्टनच्या देहाबरोबर इंग्लंडला गेला आणि १८७४ साली वेस्टमिन्स्टर ॲबीतल्या अंत्यविधीत शवपेटीला हात लावणाऱ्यांत तो होता. ज्याला स्वतःचे घर माहीत नाही अशा मुलाला नाशिकच्या एका कोपऱ्यात मंडळी मिळाली. आपल्या गावाने त्याला ओळखले नाही, हा भाग वेगळा.

असो. माझी आजची खरी नायिका आपल्याच पंचक्रोशीतली. लक्ष्मीबाई टिळक. जन्म १८६८ चा, जलालपूरचा. माहेरचे नाव मनकर्णिका गोखले. ‘स्मृतिचित्रे’ आपल्यापैकी पुष्कळांनी वाचले असेल. निदान शाळेच्या पुस्तकातला एखादा उतारा तरी. तो उतारा बहुधा विनोदाचा असतो. लक्ष्मीबाई म्हणजे विनोद, असे समीकरण आपण करून ठेवले आहे. मला त्या विनोदाखाली काय आहे ते पाहायचे आहे.

त्यांचे वडील नाना गोखले. १८५७ च्या धामधुमीत आप्तांपैकी एकाला फाशी झाली, आणि त्या धक्क्याने म्हणा, नानांच्या मनात सोवळ्याने असे घर केले की त्याला सीमाच राहिली नाही. बाजारातून आलेला जिन्नस पाण्यातून काढल्यावाचून आत जायचा नाही. आता डाळ-तांदूळ धुणे आपण समजू शकतो. पण त्या घरी मीठ आणि साखरसुद्धा धुतली जाई! धुतलेल्या मिठाचे काय उरत असेल ते गृहिणींनी मनाशी ताडावे. लक्ष्मीबाई हे सारे हसत हसत सांगतात, आपणही हसतो. पण क्षणभर त्या घरातल्या लहान मुलीच्या जागी जाऊन पाहा. ज्या घरात मीठ बाटते, त्या घरात माणूस किती लवकर बाटत असेल! दाराबाहेरचे सारे जग अशुद्ध; आणि आतही कोण केव्हा अशुद्ध होईल ह्याचा नेम नाही. अशा घरात मुलगी प्रेमात वाढली नाही असे नाही. परंतु भीतीत नक्की वाढली.

अकरा-बारा वर्षांची असताना तिचे लग्न झाले ते नारायण वामन टिळकांशी. कोकणातल्या करजगावचा जन्म, संस्कृत नाशिकला शिकलेले, बुद्धिमान, कवी, आणि पराकाष्ठेचे अस्थिर. आज इथे नोकरी, उद्या सोडली. आज घरात, उद्या न सांगता निघून गेलेले. हाती पैसा आला की तो टिकत नसे. संसार म्हणून जे काही होते ते लक्ष्मीबाईंच्या पदरात. मुले झाली, त्यांतली काही गेली. दत्तू राहिला.

आता टिळकांचे. १८९३ च्या सुमारास नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत त्यांची एका युरोपीय गृहस्थाशी गाठ पडली. गप्पा झाल्या, त्याने त्यांना ‘नवा करार’ दिला. टिळकांना तोवर धर्माचा शोध लागलेलाच होता. हिंदू धर्मातील जातिभेद त्यांना सलत होता, नवा धर्म आपणच स्थापावा असेही मनात येत असे. त्या पुस्तकात ते डोंगरावरच्या प्रवचनापाशी येऊन थांबले. मत्तयाच्या पाचव्या अध्यायात ते प्रवचन आहे. त्याचा आरंभ येशू आज्ञेने करीत नाही. धन्य कोण, हे सांगत करतो. दीन, शोक करणारे, सौम्य, न्यायाची तहान लागलेले, ते धन्य. मूळ ग्रीक शब्द ‘मकारिओस’. त्याचा अर्थ सुखी असाही होतो. मराठी भाषांतरकारांनी ‘सुखी’ घेतले नाही, ‘धन्य’ घेतले. वारकऱ्यांच्या मुलुखात ह्या शब्दाचा अर्थ सांगावा लागत नाही. सुखी माणूस शेजाऱ्याला दिसतो. धन्य माणूस कधी कधी शेजाऱ्याला वेडा वाटतो. आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताच्या पायाशी आलो, असे टिळक सांगत, त्याचा अर्थ मला ह्या शब्दाने उलगडला.

१८९५ च्या फेब्रुवारीच्या १० तारखेस मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला, एका भारतीय पाळकाच्या हातून. ती तारीख लक्ष्मीबाईंच्या बाजूने पाहा. नवरा जिवंत, पण मेल्यासारखा. सौभाग्य आहे, पण ते मिरवायचे कुठे? लोक येत ते समाचाराला. कुणी सांत्वन करी, कुणी टिळकांना शिव्या देई. त्या काळी ‘ख्रिस्ती झाला’ असे कुणी म्हणत नसे, ‘बाटला’ म्हणत. एकाच्या बाटण्याने सारे घर बाटायचे. पुढची चार-पाच वर्षे त्यांनी नातलगांच्या आधाराने काढली. त्यांतला मोठा काळ पंढरपुरात. दुःखाने वेड लागायची पाळी आली, आजार झाले. आणि ह्याच काळात, जिला लग्नानंतर नवऱ्याने कसेबसे वाचायला शिकवले होते, ती बाई पद्य करू लागली.

इथे एक कायद्याची गोष्ट सांगण्यासारखी आहे. १८६६ साली सरकारने एक कायदा केला होता. ख्रिस्ती झालेल्या माणसाची बायको धर्माच्या कारणाने नांदायला येत नसेल, तर कोर्टाच्या मार्गाने त्याला ते लग्न मोडून घेता येत असे, दुसरे करता येत असे. टिळक त्या वाटेला गेले नाहीत. ते पत्रे लिहीत राहिले, भेटायला येत राहिले, अपमान गिळत राहिले. ह्या अस्थिर माणसाने आयुष्यात एवढी एकच गोष्ट स्थिरपणे केली, असे मला कधी कधी वाटते. त्यांची ‘मंडळी’ बाहेर होती, आणि तिच्यावाचून ख्रिस्ताच्या मंडळीत बसणे त्यांना अपुरे वाटत होते.

शेवटी लक्ष्मीबाई नवऱ्याकडे गेल्या, अहमदनगरला. गेल्या त्या ख्रिस्ती व्हायला नव्हे. चूल वेगळी, पाणी वेगळे, स्वयंपाक वेगळा. टिळकांनी हे सारे जमवून दिले. श्रोतेहो, हा प्रसंग मला फार मोठा वाटतो. धर्मासाठी घर सोडलेल्या माणसाने स्वतःच्या घरात बायकोचे सोवळे सांभाळावे! आपल्या श्रद्धेविषयी त्याला शंका होती म्हणून नव्हे. मनुष्य हाताला धरून देवाकडे नेता येत नाही, हे त्याला कळले होते.

मग बदल कशाने झाला? लक्ष्मीबाईंनी धर्मशास्त्राचे ग्रंथ वाचले नाहीत. त्यांनी स्वतःलाच एक साधा प्रश्न विचारला: जात देवाने केली की माणसाने? पशुपक्ष्यांच्या अंगावर देवाने जातीजातीच्या खुणा केल्या. माणसाच्या अंगावर ब्राह्मण-महाराची खूण कुठे आहे? झाले. उत्तर मिळाले आणि त्यांनी ठरवून टाकले की येथून पुढे कुणाच्याही हातचे खायचे, कुणाच्याही हातचे प्यायचे. नाना गोखल्यांची मुलगी! जिच्या घरी मीठ धुतले जात होते ती! ख्रिस्ती होण्याआधीच त्यांनी हे केले, हा क्रम माझ्या मते महत्त्वाचा आहे. बाप्तिस्मा १९०० च्या सुमाराचा, राहुरीकडचा. म्हणजे आधी दार उघडले, मग देवाला आत घेतले.

आणि दार उघडले ते कुणाला? नगर जिल्ह्यातील अमेरिकन मिशनच्या मंडळीत बहुसंख्य लोक महार आणि मांग समाजांतून आलेले होते. त्यांच्या दृष्टीने ख्रिस्ती होणे म्हणजे काय होते, ह्याचा आपण पांढरपेशे लोक फार क्वचित विचार करतो. टिळकांना ख्रिस्ती होऊन घर गमवावे लागले. ज्याला गावाने वेशीबाहेर ठेवले, त्याला त्याच गोष्टीने शाळेत बसायची चटई दिली, मुलाला हवे ते नाव ठेवायची मोकळीक दिली, आजारपणात डॉक्टराचा हात अंगाला लागू दिला. एकाच पंगतीत एक काही तरी सोडून आला होता आणि दुसरा काही तरी मिळवून. लक्ष्मीबाई ह्या पंगतीत जाऊन बसल्या. मला ख्रिस्ती श्रद्धेतले सगळ्यांत अवघड वाटते ते हेच. एकट्याने देवावर प्रेम करणे त्या मानाने सोपे असावे. मंडळी निवडता येत नाही, ती मिळते.

म्हणून तेथे जात नाहीशी झाली, असे जर मी सांगितले तर आपल्यातल्या ख्रिस्ती बंधूंनाच हसू येईल. ती गेली नाही. लग्न जुळवताना ती बोलू लागे, कित्येक ठिकाणी बसण्याच्या जागेवरूनही बोले. त्यात गोऱ्या मिशनऱ्याची साहेबी आणखी वेगळी. आवारातला बंगला साहेबाचा, खोल्या ‘नेटिव्ह’ ख्रिस्त्यांच्या. टिळकांना हे सलत असे. परदेशी पैशावर पोसलेली मंडळी परक्याच्या घरात राहिल्यासारखी राहणार, ती ह्या मातीची कधी होणार नाही, असे त्यांचे मत होते, आणि ते ते मनात ठेवणाऱ्यांपैकी नव्हते.

सुखाविषयी मी अजून बोललोच नाही. लक्ष्मीबाईंचे ख्रिस्ती झाल्यानंतरचे आयुष्य सुखाचे होते का? पैशाची ओढाताण पूर्वीचीच. नवरा पूर्वीचाच, देवाला शरण गेला म्हणून संतापी स्वभाव आणि उधळा हात सुटला नाही. १८९९-१९०० च्या दुष्काळात घरात पोरक्या मुलांची भर पडली. आणली टिळकांनी, वाढली लक्ष्मीबाईंनी! प्लेगच्या साथीत आजारी मुलींच्या शुश्रूषेला बाई स्वतः उभ्या राहिल्या. ज्या काळी पोटची माणसेसुद्धा रोग्याजवळ जायला धजत नव्हती त्या काळी. ह्याला सुख म्हणायचे का?

माझ्याजवळ उत्तर म्हणून एकच पुरावा आहे, तो त्यांच्या हसण्याचा. ‘स्मृतिचित्रे’ १९३४ ते १९३६ ह्या काळात चार भागांत प्रसिद्ध झाली. लिहिणारी बाई वृद्ध, विधवा, आजारी. सांगण्यासारखी दुःखे इतकी की दुसऱ्या कुणी त्यांचा करुण ग्रंथ केला असता. पण त्या पुस्तकात तक्रार नाही. बापाचे वेड, नवऱ्याचे विचित्रपण, स्वतःची फजिती, सगळ्यांवर एकाच मायेने हसलेले आहे. ज्याला आपली जागा जाईल अशी भीती असते त्याला स्वतःवर हसता येत नाही. तो सदा सावरून बसलेला असतो. लक्ष्मीबाई सावरून बसलेल्या नाहीत. ज्या मुलीचे बालपण विटाळाच्या भीतीत गेले, तिची भीती म्हातारपणी उरली नव्हती. ही भीती कुणी घेतली? त्या म्हणतील, ख्रिस्ताने. मी बाहेरचा माणूस. पण त्यांची साक्ष नाकारण्याचे मला काही कारण दिसत नाही.

त्या घराची दुसरी साक्ष आहे बालकवींची. त्र्यंबक बापूजी ठोमरे ह्यांना १९०७ च्या जळगावच्या कविसंमेलनात ‘बालकवी’ म्हटले गेले. हा मुलगा पुढे नगरला टिळकांच्या घरी राहिला. हिंदू मुलगा, ख्रिस्ती घर. ना त्याने धर्म बदलला, ना कुणी बदलायला लावला. लक्ष्मीबाईंनी त्याच्याविषयी लिहिले आहे ते आईने लिहावे तसे. १९१८ साली आगगाडीखाली सापडून तो गेला. मराठीतल्या निसर्गकवितेने त्या घरचे अन्न खाल्ले आहे, एवढे आपण विसरू नये.

पंडिता रमाबाईंचे नाव येथे घेतले नाही तर आपण मला विचाराल. त्यांची वाट निराळी, आणि तिला वेगळे व्याख्यान हवे. १८८३ साली इंग्लंडात बाप्तिस्मा घेतल्यावर तेथल्या धर्मभगिनींनी त्यांना आपल्या चालीने चालवण्याचा प्रयत्न केला, तेव्हा ही बाई ‘जे बुद्धीला पटत नाही ते मान्य करणार नाही’ म्हणून उभी राहिली. क्रुसावर लॅटिन कशाला, आपल्याला संस्कृत जवळचे, असे तिचे म्हणणे. पुढे केडगावच्या मुक्तिसदनात १८९६-९७ च्या दुष्काळातल्या बायका-मुलींना तिने आसरा दिला, आणि हिब्रू-ग्रीकवरून स्वतः मराठीत बायबल उतरवले. ते १९२४ मध्ये तिच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी बाहेर आले. तेथेही धडपड तीच होती: देव मिळाला, आता तो मराठीत नांदला पाहिजे.

टिळकांची तर ही धडपड मरेपर्यंत चालली. इंग्रजी चालीवर बसवलेली बोजड मराठी गीते मंडळी गात असे. टिळकांनी अभंग दिले, भजने दिली, शेकडो दिली. ख्रिस्ती कीर्तनाची वाट नगरला कृष्णराव सांगळे ह्यांनी आधीच पाडली होती. टिळकांनी ती रुंद केली. त्याच्याही मागे जायचे तर गोव्यात फादर स्टीफन्सने १६१६ साली ‘ख्रिस्तपुराण’ ओव्यांत छापले होते. परका माणूस आपल्या ओवीत शिरला आणि घरचा झाला. मग घरच्याच माणसाने परक्या चालीत का गावे? १९१७ साली टिळकांनी मिशनचा पगार सोडला, साताऱ्याला गेले आणि ‘देवाचा दरबार’ काढला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघेही ख्रिस्ताचे शिष्य म्हणून ह्या दरबारात बसू शकत. मिशनऱ्यांना हे रुचणे कठीण होते, आणि पुष्कळ हिंदूंनाही ते डावपेचासारखे वाटले. दरबार फार दिवस चालला नाही. १९१९ च्या ९ मे रोजी टिळक मुंबईत वारले. त्यांच्या इच्छेप्रमाणे देहाला अग्नी देण्यात आला आणि रक्षा नगरला नेली. मरतानासुद्धा त्यांनी दोन्ही घरे सोडली नाहीत, असे म्हणावेसे वाटते.

त्यांचे ‘ख्रिस्तायन’ अपुरे राहिले. १९०९ मध्ये आरंभ केलेला, दहाएक अध्यायांपर्यंत आलेला ओवीबद्ध ग्रंथ. तो लक्ष्मीबाईंनी हाती घेतला आणि ६४ अध्याय लिहिले! शेवटचा अध्याय मुलाने, देवदत्तांनी, लिहून १९३८ साली तो प्रसिद्ध झाला. बाई १९३६ च्या फेब्रुवारीत इथेच नाशिकला गेल्या होत्या. ज्या धर्मापायी नवरा पाच वर्षे दुरावला, त्याच धर्माचे पुराण तिने नवऱ्यामागे पुरे करीत आणले. काव्य म्हणून त्याची थोरवी समीक्षकांनी ठरवावी. मला त्यात संसार दिसतो.

आता पुन्हा आमच्या ओटीवर येतो. देवदत्तांनी संपादिलेली ‘स्मृतिचित्रे’ची आवृत्ती १९५८ साली निघाली, आणि पुढच्याच वर्षी मास्तरांनी तिची प्रत मला वाचायला दिली. मी वाचली की नाही ते आठवत नाही. पण आजीने वाचली. आजी अक्षर लावून, थोडे मोठ्याने वाचीत असे. दुपारची माजघरात बसून ती वाची आणि मिठाच्या प्रकरणाला तर अशी हसली की डोळे पुसावे लागले. “अग बाई, आमच्या आत्याबाई अशाच!” टिळक बाटले तिथे ती नुसती रडली. मग लक्ष्मीबाईंनी कुणाच्याही हातचे खायचे ठरवले, ते पान आले. आजीने पुस्तक मिटले आणि फळीवर ठेवून दिले. आठ दिवस तिने त्याला हात लावला नाही. मला वाटले, संपले. नवव्या दिवशी पुस्तक पुन्हा खाली आले, आणि ती शेवटपर्यंत वाचून उठली.

त्यानंतर एका संध्याकाळी मास्तर आलेले असताना आजी ओटीवर आली. ती बाहेर येत नसे. उंबऱ्याच्या आत बसली आणि म्हणाली, “मास्तर, तुम्ही त्या लक्ष्मीबाईंना पाहिलं होतं का हो?”

“पाहिलं ना आजी. लहान होतो. लांबूनच पाहिलं.”

“दिसायला कशा होत्या?”

मास्तर जरा थांबले. म्हणाले, “आपल्याकडच्या बायका असतात तशाच.”

आजी बराच वेळ बसली. दत्तूचे पुढे काय झाले, नातवंडे किती, सगळे विचारून घेतले. माझे व्याकरण त्या दिवशी राहिलेच. कपबशी आजी गेली तोवर कोनाड्यातच राहिली, हे मला सांगितले पाहिजे; त्यात बदल झाला नाही. त्या संध्याकाळी मात्र आजीने मला हाक मारून आत पाठवले, आणि त्या कपात दुसऱ्यांदा चहा आला.